परिस्थिती ओळखून बदलणारी सिस्टिम: एम.टेक.च्या कामात संशोधन नेमकं कुठे असतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगलीत एम.टेक. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला तिच्या गाइडनी ‘परिस्थितीनुसार स्वतःत बदल करणाऱ्या सिस्टिम’ हा विषय सुचवलाय. तिच्या मनात कृष्णेच्या पाणीपातळीवर लक्ष ठेवणारं सेन्सरचं जाळं आहे. पण प्रत्येक पेपरमध्ये तीच मेप-केची (निरीक्षणापासून अंमलापर्यंतच्या चक्राची) आकृती दिसते आणि आपलं काम शेवटी ‘सेन्सर, क्लाउड, ॲप’ एवढंच उरेल अशी तिला भीती वाटते. यात नवीन काय करता येईल, हार्डवेअरशिवाय जमेल का आणि मशीन लर्निंग घालावंच लागतं का, हे तिचे तीन प्रश्न.

भीती रास्त आहे. मी बरीच वर्षं टेलिमेट्री (दुरून मोजमाप घेणं) आणि कंट्रोल सॉफ्टवेअरचं काम करतोय आणि या भागातल्या कॉलेजांचे प्रकल्पही बघत असतो. वर्षातले आठ महिने बोर्ड, सिम कार्ड आणि डॅशबोर्डमध्ये जातात. उरलेल्या वेळात प्रबंध लिहायचा म्हणून मेप-केची आकृती आणून चिकटवली जाते. तुमचं तसं होऊ नये म्हणून माझं म्हणणं आधीच सांगतो. सिस्टिमचा आपल्या परिस्थितीबद्दलचा समज चुकीचा असू शकतो. तो चुकलेला असतानाही तिने कुठली अट सैल करायची आणि कुठली कधीच सोडायची नाही, हे नेमकं मांडणं आणि तपासणं, यात संशोधन आहे. बाकी सगळं बांधकाम.

आधी एक गल्लत दूर करू. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी. पाणी ४० फुटांवर गेलं की एसएमएस जातो, ही झाली सूचना देणारी सिस्टिम. पातळी हा तिचा विषय आहे, त्यावर तिने एक नियम लावला, संपलं. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे बघा: धरण भरलं की पाण्याच्या दाबानेच उघडतात, पाणी उतरलं की मिटतात. उत्तम अभियांत्रिकी आहे, पण दरवाजा स्वतःचा नियम कधी बदलत नाही. आपल्या क्षेत्रात ‘स्वतःला जुळवून घेणारी’ असं ज्या सिस्टिमला म्हणतात तिच्यात दोन थर वेगळे दाखवता यायला लागतात. खालचा थर रोजचं काम करतो, म्हणजे पातळी मोजतो आणि पाठवतो. वरचा थर खालच्या थराकडे आणि आजूबाजूला बघत राहतो आणि खालच्या थराची रचनाच बदलतो: किती वेळाने मोजायचं, कुठल्या रेडिओने पाठवायचं, कुठल्या नोडमार्गे (नोड म्हणजे जाळ्यातलं एकेक सेन्सर-यंत्र), किती ताकदीने. हा वरचा थर काढून टाकला तरी खालचा चालू राहायला हवा. तो राहत नसेल तर दोन्ही एकमेकांत कालवले गेलेत, असं समजा.

इतिहास प्रबंधात दोन परिच्छेदांत उरका. मार्क वायझर यांनी १९९१ मध्ये सगळीकडे विखुरलेल्या, नजरेआड काम करणाऱ्या संगणकांची कल्पना मांडली. शिलिट आणि थायमर यांनी १९९४ मध्ये परिस्थितीचं भान असलेल्या संगणनाला नाव दिलं. अनिंद डे यांची २००१ची व्याख्या आजही सगळे उद्धृत करतात. तिचा आशय असा की माणूस, जागा किंवा वस्तू यांची स्थिती सांगायला उपयोगी पडणारी कुठलीही माहिती म्हणजे संदर्भ. दुसरी धारा सर्व्हरच्या खोलीतून आली. माणसांनी सांभाळण्यापलीकडे सिस्टिम गुंतागुंतीच्या होत चालल्यात, असं आयबीएमने २००१ मध्ये सांगितलं. केफार्ट आणि चेस यांनी २००३ मध्ये त्याचा आराखडा मांडला: निरीक्षण, विश्लेषण, योजना, अंमल आणि या चौघांच्या मध्ये सामायिक ज्ञान. हीच तुमची मेप-के. पुढे कार्नेगी मेलनच्या गार्लन यांच्या गटाने ‘रेनबो’मध्ये हा वरचा थर वेगवेगळ्या सिस्टिमना वापरता येईल असा बांधून दाखवला. २००६ पासून सीम्स या नावाने या क्षेत्राचे संशोधक दरवर्षी एकत्र जमतात. इतकं पुरे.

आता जे खरोखर सावकाश वाचायला हवं त्याकडे येतो. तुमच्या विषयाच्या सगळ्यात जवळचं काम इंग्लंडच्या वायव्य भागातल्या रिबल नदीवर झालंय. लँकेस्टर विद्यापीठाच्या लोकांनी तिथे ‘ग्रिडस्टिक्स’ नावाचं सेन्सरचं जाळं बसवलं. खोली मोजायला प्रेशर सेन्सर, काही नोडवर प्रवाहाचा वेग काढायला कॅमेरा, विजेला बॅटरी आणि सोलर पॅनेल. आपसात बोलायला ब्लूटूथ किंवा वायफाय. ब्लूटूथला वीज कमी लागते, वायफायची पोच लांबवर असते. संदेश पुढे नेण्याचे मार्गही दोन प्रकारचे: एकात वीज वाचते, दुसऱ्यात कमीत कमी टप्पे असतात, त्यामुळे मधला एखादा नोड मेला तरी जाळं तग धरतं.

नेली बेनकोमो, पीट सॉयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच जाळ्यावर गरजांचं विश्लेषण केलं. नदीच्या तीन अवस्था धरल्या: शांत, वाढता प्रवाह आणि पूर. शांत असताना वीज वाचवा. पूर आला की नोड बुडण्याची किंवा वाहत आलेल्या ओंडक्याने तुटण्याची शक्यता असते, तेव्हा बॅटरीची पर्वा न करता वायफाय आणि कमी टप्प्यांचा मार्ग घ्या. म्हणजे त्याच दोन गरजा, वीज आणि टिकाव, पण नदीची अवस्था बदलली की त्यांचा क्रम उलटा. हा उलटलेला क्रम कागदावर आधी मांडला आणि मग कोड लिहिला, ही या कामाची ताकद. त्यापुढचं पाऊल मला त्याहून मोलाचं वाटतं. प्रत्येक निवडीमागे डिझायनरचं एक गृहीतक असतं. ते गृहीतक मॉडेलमध्येच लिहून ठेवायचं आणि सिस्टिम चालू असताना ते खरं आहे का हे तपासत राहायचं. खोटं ठरलं की निवड फिरवायची.

रिबलचं गणित कृष्णेला जसंच्या तसं लावू नका. सांगलीच्या पुराची चाल वेगळी आहे. इथलं पाणी महाबळेश्वर-कोयनेच्या पावसावर, १०५ टीएमसीच्या कोयना धरणातून सोडलेल्या विसर्गावर, चांदोलीतून वारणेत येणाऱ्या पाण्यावर आणि मधल्या ओढ्यानाल्यांवर ठरतं. खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा वाद आहेच. २००५, २०१९, २०२१ हे तिन्ही पूर कित्येक दिवस चालले. २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं. सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर इथल्या लोकांना कितव्या फुटाला पाणी कुठल्या गल्लीत येतं हे पाठ असतं, आणि ते आधी कोयनेतून किती क्युसेक सोडलंय हे विचारतात, मग पुलावरचा आकडा. त्यांची पद्धत बरोबर आहे. पाणी सांगलीत पोचायच्या बरंच आधी हाती येणारी माहिती म्हणजे जलसंपदा विभागाने जाहीर केलेला विसर्ग. ती माणसाने लिहिलेली असते, कधी उशिरा येते, कधी दुरुस्त होऊन येते. तुमच्या सिस्टिमच्या दृष्टीने परिस्थितीची ही सगळ्यात मोलाची खूण आहे आणि ती कुठल्याही सेन्सरमधून येत नाही. पुलाखालचा सेन्सर ‘स्थिर’ म्हणतोय आणि विसर्गाचं पत्रक ‘वाढणार’ म्हणतंय, अशा वेळी वरच्या थराने काय करायचं? इथे तुमचा पहिला संशोधन-प्रश्न उभा राहतो.

दुसरा प्रश्न हरिपूरला मिळेल. तिथे वारणा कृष्णेला मिळते. कृष्णा फुगली की वारणेचं पाणी मागे रेटलं जातं. संगमाच्या वरच्या अंगाला वारणेवर सेन्सर बसवला आणि तो पाच फूट वाढ दाखवायला लागला, तर चांदोलीतून जास्त पाणी आलं म्हणायचं, की कृष्णेने वारणेला तुंबवलं म्हणायचं? आकडा एकच, अर्थ दोन. आणि नोडने पुढे करायचं कामही दोन्ही वेळी वेगळं: पहिल्या वेळी वरच्या बाजूच्या नोडना जागं करायला हवं, दुसऱ्या वेळी कृष्णेवरच्या. एका सेन्सरच्या आकड्यावर मोड बदलणारी सिस्टिम इथे हमखास फसते. परिस्थितीचं मॉडेल एकाच अवस्थेचं नाव सांगत असेल तर ते अपुरं आहे. ‘तुंब असण्याची शक्यता जास्त, विसर्गाची कमी, आणि या अंदाजाला आधार देणारी शेवटची नोंद अमुक वाजताची’ इतकं सिस्टिमला सांगता यायला हवं.

मोजमापाची शंका तर अगदी तळापासून सुरू होते. स्वस्त म्हणून बहुतेक जण अल्ट्रासोनिक सेन्सर घेतात. हवेतला ध्वनीचा वेग दर अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. पाणी सेन्सरच्या १० मीटर खाली असेल आणि तापमान १० अंशांनी बदललं, तर दुरुस्ती न केलेला सेन्सर सुमारे १७ सेंटिमीटर चुकतो, म्हणजे अर्ध्या फुटाहून जास्त. ४० फुटांच्या आसपास एवढी चूक मोड बदलायला पुरेशी आहे. त्यात सेन्सरच्या तोंडाशी कोळ्याने जाळं केलं तर पाणी एकदम वर आल्यासारखं दिसतं, आणि जलपर्णीचा थर अडकला तर सेन्सर पाण्याऐवजी त्याचीच उंची सांगतो. ही यादी प्रबंधात सविस्तर द्या. परीक्षकांना वाटेल हा हार्डवेअरचा भाग आहे, पण तुमच्या अनिश्चिततेचं मॉडेल याच यादीतून येणार आहे.

आता अटी कशा लिहायच्या. २००९ मध्ये जॉन व्हिटल, सॉयर, बेनकोमो, चेंग आणि ब्रुएल यांनी ‘रिलॅक्स’ नावाची गरजा लिहायची भाषा मांडली. ‘सिस्टिमने हे केलंच पाहिजे’ या ठोकळेबाज वाक्याच्या जागी ‘शक्य तितकं जवळ’, ‘शक्य तितक्या लवकर’ अशी सैल रूपं तिच्यात लिहिता येतात, आणि त्यामागे फझी लॉजिकचा (‘अंशतः खरं’ही मोजणाऱ्या तर्काचा) पक्का अर्थ असतो. त्याबरोबर कुठल्या अनिश्चिततेमुळे ही सूट दिली आणि ती अनिश्चितता कशावरून ओळखायची, हेही लिहावं लागतं. ही सक्तीच फार उपयोगी आहे. तुमच्या बाबतीत ‘दर १५ मिनिटांनी पातळी कळवावी’ ही अट सैल होऊ शकते: पाणी पात्रात असताना दोन तासांनी कळवली तरी कोणाचं बिघडत नाही. पण ‘दाखवलेली नोंद किती जुनी आहे हे कधीही लपवू नये’ ही अट कुठल्याही परिस्थितीत सैल होता कामा नये. पुराच्या दिवसांत वीज जाते, मोबाइलचा टॉवर बंद पडतो आणि स्क्रीनवर शेवटचा आकडा तसाच राहतो. बघणाऱ्याला वाटतं पाणी थांबलंय. यापेक्षा घातक बिघाड या सिस्टिममध्ये दुसरा नाही. पूर्ण बंद पडलेली सिस्टिम परवडली. म्हणून तुमच्या गरजांची विभागणी याच रेषेवर करा: एका बाजूला लवचीक अटी, दुसऱ्या बाजूला अशा दोन-तीनच अटी ज्यांना हात लावायची वरच्या थराला परवानगी नाही.

गृहीतकांचंही तसंच. ‘सोलर पॅनेल दिवसाअखेर बॅटरी भरून काढेल’ हे वाक्य मार्च महिन्यात खरं असतं. ऑगस्टमध्ये सलग आठवडाभर ऊन दिसत नाही, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तुमची सिस्टिम पूर-मोडमध्ये जाऊन जास्त वीज मागते. रिबलच्या ‘पुरात बॅटरीची पर्वा नको’ या निवडीला कृष्णेवर हा मोठा अडथळा आहे: पूर काही तासांचा असेल तर ती चालते, आठवडाभर टिकणाऱ्या पुरात नोड तिसऱ्या दिवशी मान टाकेल. म्हणजे पूर किती दिवस टिकेल याचा अंदाज हासुद्धा परिस्थितीचा भाग झाला. इतकं एक टोक पकडून तुम्ही नीट काम केलंत तरी एम.टेक.ला भरपूर आहे.

उंबरठ्यावरच्या डळमळीबद्दल थोडं. पाणी ३९ फूट १० इंच, ४० फूट १ इंच असं खालीवर होत असेल तर भोळा नियम दर नोंदीला मोड बदलेल, आणि मोड बदलणं फुकट नसतं: मार्ग नव्याने ठरवावे लागतात, मधले संदेश गळतात, वीज जाते. चढताना एक पातळी आणि उतरताना त्याहून खालची पातळी ठेवणं हा कंट्रोल इंजिनिअरिंगमधला जुना उपाय आहे, तो वापराच. त्यापुढे जाऊन बदलाची किंमत योजनेच्या हिशेबातच धरा. बऱ्याच पेपरमध्ये ही किंमत शून्य धरलेली असते. तिथे टीका करायला वाव आहे.

हार्डवेअरशिवाय जमेल का? जमेल, आणि माझा आग्रह आहे की पहिले सहा महिने हार्डवेअर आणूच नका. या क्षेत्रात एकमेकांच्या पद्धती ताडून बघायला तयार नमुना-सिस्टिम आहेत. वेब सर्व्हरसाठी ‘स्विम’ आहे. तुमच्या कामाचा ‘डेल्टाआयओटी’: बेल्जियममधल्या ल्यूव्हन विद्यापीठाच्या आवारातलं १५ नोडचं लोरा (कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ) जाळं आणि त्याचा सिम्युलेटर, डॅनी वेयन्स यांच्या गटाचं काम. प्रत्येक नोडची पाठवण्याची ताकद आणि संदेश कुठल्या मार्गाने किती वाटायचे हे बदलता येतं. वीज आणि गळालेले संदेश यांची ओढाताण सांभाळायची असते. पहिल्या महिन्यात हा सिम्युलेटर चालवून एखादा प्रसिद्ध निकाल जसाच्या तसा काढून दाखवा. मग त्याच धर्तीवर कृष्णा-वारणेचं लहान मॉडेल करा: दोन नद्या, एक संगम, आठ-दहा नोड, ढगाळ दिवसांचा बॅटरीवर परिणाम आणि अधूनमधून येणारं, कधी उशिरा येणारं विसर्गाचं पत्रक. पातळ्या आणि विसर्ग केंद्रीय जल आयोग व जलसंपदा विभाग जाहीर करतात, त्यावरून पुराची चाल बसवता येईल. मॉडेल २००५ आणि २०१९ वर जुळवा आणि २०२१ ला हात न लावता परीक्षेसाठी राखून ठेवा.

तुलना कोणाशी करता यावर परीक्षकाचा विश्वास ठरतो. ‘न बदलणारी सिस्टिम विरुद्ध आमची’ अशी तुलना बहुतेक जण करतात, आणि त्यासाठी न बदलणारी सिस्टिम मुद्दाम कमकुवत घेतलेली असते. तुम्ही तीन प्रतिस्पर्धी घ्या. एक, नीट जुळवलेली पण न बदलणारी रचना. दोन, साधा उंबरठ्याचा नियम. तीन, पुढचं सगळं आधीच माहीत असलेला काल्पनिक सर्वज्ञ, म्हणजे कमाल किती साधता येतं ते कळेल. मग बिघाड घुसवा: अडकलेला सेन्सर, हळूहळू सरकत जाणारा सेन्सर, गप्प झालेला नोड, चुकीचं पत्रक. चुकीच्या मोडमध्ये सिस्टिम किती वेळ राहिली, किती वेळा विनाकारण बदलली आणि पाणी ४० फूट ओलांडत होतं त्या क्षणी लोकांसमोरची नोंद किती जुनी होती, हे मोजा. तुमची पद्धत काही बिघाडांत साध्या नियमापेक्षा वाईट ठरेल. तो तक्ता प्रबंधाच्या मध्यभागी ठेवा, परिशिष्टात ढकलू नका.

मशीन लर्निंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पूर ओळखायला न्यूरल नेटवर्क लावू नका. तीन मोठ्या पुरांवर काय शिकवणार? जिथे डेटा मुबलक आहे, म्हणजे नोडमधल्या दुव्यांची गुणवत्ता, बॅटरीचं वागणं, तिथे शिकणं शोभतं. दुसरी योग्य जागा म्हणजे पर्यायांची छाटणी. डेल्टाआयओटीच्या लहान आवृत्तीत बदलाचे २१६ पर्याय आहेत, मोठीत ४०९६. दर फेरीला सगळे तपासायला वेळ नसतो, म्हणून कुठले तपासायचे हे शिकलेल्या मॉडेलने सुचवायचं आणि निर्णय मात्र तपासणीनंतरच घ्यायचा. वेयन्स यांच्या गटाचं यावर चांगलं काम आहे.

प्रात्यक्षिकाच्या टप्प्यावर एक गोष्ट पाळाच: लोकांना थेट इशारा पाठवू नका. इशारा देणं प्रशासनाचं काम आहे आणि विद्यार्थ्याच्या सिस्टिमचा एक चुकीचा मेसेज व्हॉट्सॲपवर गेला तर लोक मध्यरात्री घर सोडतील. नोंदी फक्त तुमच्या आणि गाइडच्या डोळ्यांसमोर राहू द्या. प्रत्येक बदलाच्या वेळी सिस्टिमने कुठल्या पुराव्यावरून आणि कुठल्या गृहीतकामुळे हा बदल केला, हे साध्या मराठी वाक्यात लॉगमध्ये लिहायला लावा. पुराचं काम बघणाऱ्या एखाद्या अनुभवी माणसाला तो लॉग वाचायला द्या. ‘इथे मी असं केलं नसतं’ असं तो जिथे म्हणेल ती जागा नोंदवून घ्या.

गाइड नदीला नाही म्हणाले तर तासगावच्या द्राक्षबागा घ्या, प्रश्न तोच राहतो. पान ओलं राहिलं की डाऊनी या रोगाचा धोका वाढतो, म्हणून पानाच्या ओलाव्याचे सेन्सर बागेत लागलेत. पण तोच ओलावा ऑक्टोबर छाटणीनंतर कोवळ्या फुटीवर आणि फुलोऱ्यात फार महागात पडतो, आणि मणी पक्व व्हायला लागल्यावर त्याचा अर्थ बदलतो. सेन्सरला छाटणीची तारीख माहीत नसते. ती बागायतदाराने सांगावी लागते, आणि एकाच बागेत दोन प्लॉटची छाटणी पंधरा दिवसांच्या अंतराने झालेली असते. ती तारीख चुकीची भरली गेली तर सिस्टिमला ते कशावरून कळेल, यावर काम करता येईल. हा रस्ता धरलात तर बागायतदारांशी सप्टेंबरमध्येच बोलून घ्या. छाटणी सुरू झाली की त्यांना उसंत नसते.